चाचीचं साडेतीन एकर

चाचीचं ऋण आधी सांगतो, मग काय घडलं ते. कारंज्याला कापसाच्या जिनाच्या मागल्या गल्लीत राहणारी, पिंजाऱ्याची विधवा, लोकांच्या रजया शिवून देणारी म्हातारी. सगळी गल्ली तिला चाची म्हणते, म्हणून मीही म्हणतो. ती माझ्या नात्याची नाही, धर्माची नाही, मुलखाचीही नाही. पण ज्या तोलाच्या काट्यापाशी बसून मी पोट भरतो, तो काटा माझ्या पायावर उभा नसून तिच्या अंगठ्याच्या शाईवर उभा आहे. हे एकदा कागदावर आलं म्हणजे पुढचं लिहायला मला धीर येईल.

मी रत्नागिरीकडचा. वडील बंदरावर मचव्यांतून माल उतरवायचे. मी मराठी पाचवीत असताना ते तापानं गेले आणि माझी शाळा तिथंच संपली. हजेरी घेताना मास्तर आणखी महिनाभर माझं नाव पुकारत होते, असं मला मागाहून कळलं. घर आमचं होतं; म्हणजे कुडाच्या भिंती आणि वरचं पेंढ्याचं छप्पर आमचं. खालची जागा खोताची. लहानपणी मला यात काही वावगं वाटत नसे. भांडं आपलं असावं आणि चूल दुसऱ्याची, तसं ते होतं, आणि आमच्या वाडीत सगळ्यांचंच तसं होतं.

वाडीतले एक काका कारंज्याच्या जिनात इंजिनाला तेल घालायला होते. ते मला घेऊन आले. बोटीनं, मग मोठ्या गाडीनं मूर्तिजापूरला, तिथून छोट्या गाडीनं कारंज्याला. अक्षर बरं म्हणून मला चिठ्ठ्या लिहायला बसवलं. शेतकऱ्याची बैलबंडी कापूस घेऊन आली की गाव कोणतं, तोल किती, हे लिहून चिठ्ठी हातात द्यायची. दिवाळीपासून चैत्रापर्यंत चौदा रुपये महिना. जिन थांबलं की पगार थांबला. दुसऱ्या वर्षी काका गावी परतले ते कायमचे, आणि मी एकटा राहिलो.

पहिल्या आठवड्यात निदान दहा जणांनी मला एकच गोष्ट विचारली. जात नाही, शिक्षण नाही, पगार तर नाहीच. “वावर किती?” वावर म्हणजे शेत, हे मला काकांनी सांगितलं. मी म्हणे, नाही. मग विचारत, बापाचं? नाही. आज्याचं? तेही नाही. एका बंडीवाल्यानं बैलाच्या पाठीवरचा हात काढला, माझ्याकडे नीट बघितलं आणि अगदी काळजीनं म्हणाला, “मंग तुमच्याकडची मानसं राह्यतात कशावर बाप्पा? पान्यावर?” समुद्राकाठच्या माणसाबद्दल ते फारसं खोटं नव्हतं. सगळे हसले, मीही हसलो. खोलीवर आल्यावर मात्र तो प्रश्न माझ्याबरोबर आला होता, आणि अजूनही तो गेलेला नाही.

खोली म्हणजे चाचीची ओसरी. काकांनीच ती ठरवून दिली होती. मी खानावळीत जेवायचो आणि ओसरीत झोपायचो. पहिली दोन वर्षं तिच्या घरचं पाणी मी प्यालो नाही. कोणी मना केलं नव्हतं, पण प्यालो नाही. तिनंही कधी काही विचारलं नाही. मडकं मात्र ती रोज ओसरीच्या दाराशी, माझा हात पुरेल असं ठेवायची.

जिनात कोणाला नावानं हाक मारण्याची रीत नव्हती, गावावरून मारत. माझं गाव कोणाच्या जिभेवर बसेना म्हणून मी नुसता कोकणी. माझ्या शेजारी बसून चिठ्ठ्या लिहिणारा माझ्याच वयाचा, इंझोरीचा, म्हणून तो इंझोरीवाला. त्यालाही चौदा रुपये. काम तेच, बैठक तीच, दौत एकच. जिनाचे मुनीमजी आम्हाला ‘माझी बैलजोडी’ म्हणत. जोडी सारखीच होती, फक्त एका बैलाला गोठा होता. इंझोरीवाल्याच्या घरून बंडीतून ज्वारी यायची, तुरीची डाळ यायची, तुपाचा गडवा यायचा. त्याच्या चौदा रुपयांकडे घरचं कोणी डोळा लावून नव्हतं. दोन हंगामांच्या पगारातून त्यानं पेटी घेतली, वाजवायची, आणि जिनाच्या भोंग्याचा सूर त्यावर काढून आम्हाला ऐकवायचा. माझा पगार हातात पडायच्या आतच वाटला गेलेला असे. मला त्याचा हेवा वाटायचा असं म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे मला त्याची भीती वाटायची, कारण त्याच्याकडे बघितलं की मी किती बारीक दोरीवर चाललोय ते मला दिसायचं.

एका मार्गशीर्षात आम्हा दोघांना एकदमच हिवताप आला. त्याचा बाप बंडीत गादी टाकून त्याला घेऊन गेला. तीन आठवड्यांनी तो आला तेव्हा गालावर मांस चढलं होतं आणि डब्यात डिंकाचे लाडू होते. मी चौथ्या दिवशी कामावर गेलो. जिनाच्या फाटकाशी माझ्यापेक्षा जास्त शिकलेले दोघं-तिघं रोज येऊन उभे राहत, आणि मुनीमजी त्यांच्याशी गोड बोलत. त्या तापातच मी चाचीच्या मडक्यातलं पाणी पहिल्यांदा प्यालो. ती गुळवेलीचा काढा करून आणायची आणि मी पिईपर्यंत तोंड फिरवून बसायची, मला लाज वाटू नये म्हणून.

त्याच साली पौषात गावातल्या व्यापाऱ्यांनी गरिबांना कांबळी वाटायचं ठरवलं. यादी करायला शाळेतले एक गुरुजी घरोघर फिरले. माणूस भला होता. त्यांच्याजवळ वही होती आणि एकच प्रश्न होता: महिन्याची कमाई किती? चाची म्हणाली, काही नाही. रजया हिवाळ्यात चार, उन्हाळ्यात एकही नाही, हे तिनं सांगितलं नाही. तिला ते कमाईत धरण्यासारखं वाटलं नसावं. त्यांनी तिचं नाव लिहिलं. मी म्हणालो, चौदा. त्यांनी कौतुकानं मान हलवली, छान, सुखी आहात, म्हणाले आणि पुढल्या घरी गेले. मी तेव्हा जिनातली दोन रिकामी पोती जोडून अंगावर घेत होतो. कोकणात थंडी म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक नसतं.

इंझोरीवाल्याच्या बापाचं कारंज्यातही एक लहान घर होतं, बाजाराच्या दिवशी उतरण्यापुरतं. गुरुजी तिथंही गेले. त्या वर्षी बापाची पराटी, म्हणजे उभी कपाशी, अळीनं खाल्ली होती. तो म्हणाला, यंदा काहीच आलं नाही गुरुजी, आणि ते शंभर टक्के खरं होतं. त्यालाही कांबळं मिळालं. ते त्यानं बैलाच्या पाठीवर घातलं.

चाचीनं आपलं कांबळं माझ्या पोत्यांवर टाकलं. “मी रजईवाली. मले कायले कांबळ?”

दुसऱ्या दिवशी दुपारी जिनाच्या निंबाखाली यावर मोठा वाद झाला. तेलवाला म्हणाला, गरीब तो ज्याला काम नाही. गाठी बांधायच्या प्रेसवरचा म्हणाला, गरीब तो ज्याला खाणारी तोंडं जास्त. मुनीमजी म्हणाले, ज्याच्याकडे येणं नाही तो गरीब, सरळ हिशेब आहे, आणि कोकणीबाबूनं उगाच तोंड पाडू नये. बैलाच्या पाठीवरच्या कांबळ्यावरून सगळ्यांनी इंझोरीवाल्याला धारेवर धरलं. तुमचा बैल गरीब की बाप गरीब, असं विचारलं. तो पान जमवत बसला होता. त्यानं राग धरला नाही. म्हणाला, “गुरुजीनं ‘येते किती’ हे इचारलं. ‘हाये किती’ हे कोनालेच इचारलं नाही. माह्या बापाचं येनं यंदा बुडालं, हाये ते जागच्या जागी हाये. या कोकन्याचं येनं चालू हाये, अन् हाये काई नाही. उद्या याचा हात मोडला तं हा परवा उपाशी.” मग माझ्याकडे बघून म्हणाला, “खोटं हाये का?” मी म्हणालो, नाही. वाद तिथंच संपला, कारण भोंगा झाला.

पुढल्या चैत्रात काट्यावरच्या म्हाताऱ्या बाबूला दिसेनासं झालं. काट्याची जागा बाराही महिन्यांची. हंगामात कापूस तोलायचा, एरवी सरकी, गाठी, जळण. वीस रुपये. मुनीमजींनी मला बाजूला घेऊन सांगितलं की काट्यावर बाहेरचाच माणूस बरा. इथल्या माणसाचा प्रत्येक बंडीवर एक मामा नाहीतर साडू बसलेला असतो. माझा इथं कोणीच नाही, हा माझा पहिला गुण. पण काट्यावरच्या माणसाच्या हातून मालकाचा माल जातो-येतो, म्हणून त्याच्या मागं कोणीतरी वावरवाला जामीन लागतो, ही जिनाची रीत. माझा इथं कोणीच नाही, हा माझा पहिला दोष. एका श्वासात त्यांनी दोन्ही सांगितलं आणि त्यांना त्यात काही अडचण दिसली नाही.

त्याच सुमाराला आईचं पत्र आलं. म्हणजे मास्तरांनी लिहिलेलं. खोताला आमच्या जागेवर कलमं लावायची होती. येत्या नाहीतर पुढल्या पावसाआधी जागा सोडा, असा निरोप आला होता. आता सगळं त्या वीस रुपयांवर येऊन थांबलं. बारा महिने पगार म्हणजे कारंज्यात एक खोली, खोली म्हणजे आई.

इंझोरीवाला मला रविवारी आपल्या गावी घेऊन गेला. त्याच्या आईनं ज्वारीची भाकर आणि वांग्याचं भरीत वाढलं, वर तूप घालू का म्हणून तीनदा विचारलं. त्याच्या बापानं मला विहीर दाखवली, आज्यानं लावलेला आंबा दाखवला, धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे बांधाबांधानं, सगळं वावर फिरवून आणलं. मग आंब्याखाली बसून मी जामिनाचं बोललो. म्हाताऱ्यानं बराच वेळ काडीनं मातीत रेघा ओढल्या. म्हणाला, “बाबू, तुमी इमानदार हा. पन हे वावर माह्यं नाही. बापानं माह्याजवळ ठेवलं, मले पोराजवळ ठेवा लागते. मी नुसता राखनदार. दुसऱ्याची ठेव मी तुमच्यासाठी कशी बांधू?” मला तेव्हा वाटलं, हा टाळतो आहे. आज मला तसं वाटत नाही. त्याचंही ते बांधलेलंच होतं, फक्त त्याच्या दाव्याला सावली होती. निघताना त्यानं मला पाच शेर तूर दिली.

परत आलो ते तूर चाचीच्या दाराशी ठेवली आणि ओसरीत भिंतीकडे तोंड करून बसलो. चाची रजईला टाके घालत होती. तिनं विचारलं, मुनीम नेमकं काय मागतो? मी म्हणालो, वावर. तिनं सुई रजईत खोचली, आत गेली आणि कोनाड्यातून पत्र्याची एक नळी घेऊन आली. नळीत कागद होता. कामरगावच्या शिवारात साडेतीन एकर, बापाच्या वाटणीतून मुलीला आलेलं.

मी कागद दोनदा वाचला. तीन वर्षं मी या बाईच्या ओसरीत झोपत होतो. तिच्या लुगड्याची ठिगळं मला पाठ होती. गुरुजींच्या यादीत तिचं नाव सगळ्यात वर होतं.

तिनं मग सांगितलं. त्यांच्या धर्मात मुलीला वाटा असतो, पण बहुतेक बहिणी तो भावांना सोडून देतात, कारण वाटा घेतला तर माहेर तुटतं. तिनं घेतलाही नाही आणि सोडलाही नाही. कागद नळीत ठेवला, वावर भाऊच कसत राहिले, वर्षाला दोन पोती ज्वारी पाठवत राहिले, आणि तीस वर्षं कोणी त्यावर एक शब्द बोललं नव्हतं. असं गप्प राहूनच तिनं दोन्ही राखलं होतं, वावरही आणि माहेरही.

मी म्हणालो, चाची, हे नको. तिनं टोपलीतला न वटलेला, सरकीसकटचा कापूस उचलला, बोटांनी उकलला, सरकी एका तळव्यावर घेतली आणि रुई दुसऱ्यावर. म्हणाली, “हे पाह्य. रुई इकून मानूस खाते. सरकी ठेवा लागते, पुढल्या सालचं पेरनं तिच्यात असते. तुह्याजवळ नुसती रुई हाय बेटा, फुंकलं की उडाली. माह्याजवळ नुसती सरकी, अन् पेराले कोनी नाही. लोक तुले सुखी म्हंतात, मले गरीब म्हंतात. दोनी खोटंच.”

दुसऱ्या दिवशी मुनीमजींच्या समोर तिनं जामीनखतावर अंगठा दिला. वाटणीचा कागद जिनाचे मालक शेटजी यांच्या पेटीत गेला, नळी रिकामी घरी आली. मुनीमजी गमतीनं म्हणाले, चाची, तू तर मोठी वावरवाली निघालीस, कांबळं परत कर. ती म्हणाली, ते तुमच्या बाबूच्या अंगावर हाय, त्याच्यापासून घ्या.

पुढल्या बाजाराला कामरगावहून तिचे दोघं भाऊ आले. मी ओसरीतच होतो. जायला जागा नव्हती. थोरल्यानं माझ्याकडे बघितलंच नाही. धाकटा म्हणाला, “काहून बाबू, तुमच्या मुलुखात दुसऱ्याच्या बहिनीच्या वावरावर नवकरी करतात का?” थोरल्यानं चाचीला एवढंच सांगितलं की ज्वारी हक्काची आहे, ती येत राहील. पण आता वावरात पाय ठेवायचा नाही आणि घराच्या उंबऱ्यातही नाही. चाची सुईत दोरा ओवत होती. म्हणाली, “ज्वारी निवडून पाठवा. मागल्या साली खडे लय होते.” ते गेल्यावर तिला तो दोरा बराच वेळ ओवता येईना. शेवटी मी ओवून दिला.

त्या दिवसापासून मी पिंजऱ्यात आहे. पिंजरा वाईट नाही; त्यात दाणापाणी आहे. पण मी काट्यावर वजन ठेवतो तेव्हा दुसऱ्या पारड्यात नेहमी साडेतीन एकर असतं.

आणि पहिल्याच हंगामात मी चुकलो. कार्तिकात सकाळी दव पडतं. तो कापूस तोलात भरतो आणि दुपारी वाळला की उतरतो. म्हणून काट्यावरचा माणूस बंडीत कोपरापर्यंत हात घालून ओल बघतो. मीही घालत होतो. पण मी अशा ठिकाणी वाढलो की जिथं मीठ, काडेपेटी, अंगातला सदरा, काहीच कधी पुरतं सुकं नसतं. इथल्या माणसाला जे ओलं, ते माझ्या हाताला रोजचं. बंडीवाल्यांना हे माझ्या आधी कळलं. ते पहाटे, झुंजुरकाचेच येऊन रांग धरू लागले. कोकणीचा काटा लय दयाळू, असं आपसात म्हणत. महिनाभरानं माल मोजला तेव्हा चांगलीच तूट निघाली.

मुनीमजी ओरडले नाहीत. म्हणाले, “पानी तोलून घेतलं तुमी, कोकनीबाबू. समुद्राची सवय गेली नाही.” तूट माझ्या पगारातून चैत्रापर्यंत कापायची ठरली. पुन्हा झालं तर चाचीचा कागद कोर्टात.

हे तिला सांगायला मी गल्लीतून तीन फेऱ्या मारल्या. सांगितलं तेव्हा तिनं वावराचं नावसुद्धा काढलं नाही. टोपलीतून कापसाचे दोन पुंजके घेतले, एक मडक्याच्या ओल्या पोटाशी थोडा वेळ धरला, मग दोन्ही माझ्या हातावर ठेवून विचारलं, ओला कोणता? मी चुकलो. पुन्हा विचारलं, पुन्हा चुकलो. तेव्हा तिनं एक पुंजका उचलून स्वतःच्या ओठावर टेकवला. “हाताले नको इचारू. तुहा हात समुद्रात वाढला, तो खोटंच सांगन. ओठाले इचार. ओलं असन तं ओठ थंड पडते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या बंड्यांसमोर मी कापूस ओठाला लावला. कोणीतरी म्हणालं, “पाहा, बाबू कापसाचा मुका घेऊन राह्यला.” ते नाव मला वर्षभर पुरलं. लग्न ठरलं का, नवरी कोणत्या गावची, असं प्रत्येक बंडीवाला विचारायचा. मी मुके घेत राहिलो, आणि ओल्या बंड्या बाजूला उन्हात उभ्या करत राहिलो. त्यानंतर तूट आली नाही.

पण पगार अर्धा झाला होता आणि खोलीचं राहून गेलं. फाल्गुनात मास्तरांचं पत्र आलं. शिमग्यानंतर खोताची माणसं घर उतरवणार. आईनं सांगितलं होतं, निदान भांडी हलवायला तरी ये.

मी मुनीमजींकडे पंधरा दिवस मागितले. ते म्हणाले, “जा ना. तुमच्या मागं काटा कोन पाह्यन? जो पाह्यन तो काही करन, तं ते तुमच्या जामिनावर. मालकाची रीत हाये, मी काय करू?” ते खोटं बोलत नव्हते, आणि मला अडवतही नव्हते. दार उघडंच होतं. उंबऱ्यात फक्त चाचीचा कागद ठेवलेला होता, त्यावर पाय देऊन जायचं होतं.

मी ओसरीत येऊन कपडे बांधले. आईला मी एकुलता एक. बोटीला, गाडीला लागणारं भाडं होतं. चाची म्हणाली, “जा बेटा. माय एकच असते. वावराचं काय, ते कुठं चालून जाते?” मी गाठोडं उचलून गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. तिथून जिनाचं फाटक दिसतं. फाटकाशी ते नेहमीचे दोघं-तिघं उभे होते, आणि त्यांतला एक मुनीमजींशी बोलत होता. त्याचा मामा रोज चार बंड्या आणायचा. त्याला कापूस ओठाला लावायची गरजच नव्हती, कारण ओला कापूस त्याच्या घरचाच असणार होता. मी परत आलो. गाठोडं सोडून कपडे दांडीवर टाकले.

चाचीनं दांडीवरचा सदरा ओढून सरळ केला. मग म्हणाली, “गेला असता तं म्या काई म्हनलं नसतं.”

मी म्हणालो, म्हणूनच गेलो नाही.

घर उतरलं. आई तिच्या बहिणीच्या पडवीत राहायला गेली. मास्तरांनी लिहिलं की निघताना तिनं चुलीचे तीन दगड टोपलीत घेतले, तेव्हा खोताच्या माणसानं विचारलं, दगड कोणाचे? आई म्हणाली, सासूनं मांडलेले. त्यानं नेऊ दिले. तिच्यापर्यंत पिढीजात आलेलं तेवढंच. पुढं मी खोली घेतली तेव्हा तिला बोलावलं, पण ती म्हणते, आता या वयात चूल कुठं हलवू. मनीऑर्डरीच्या पावतीवर तिचा अंगठा येतो, त्यावरून मला कळतं की ती आहे. शाई कधी जास्त लागलेली असते, कधी कमी. कमी असली की मला दोन दिवस चैन पडत नाही.

याला सहा वर्षं झाली. इंझोरीवाल्याचा बाप गेला आणि तो नोकरी सोडून वावरावर गेला. एका दिवसात सोडली. पेटी बंडीत घातली आणि गेला. मला अकोल्याच्या एका जिनातून बोलावणं आलं होतं, पगार दीडपट. त्यांनीही पहिला प्रश्न तोच विचारला, जामीन कोण? मी ते पत्र फाडलं. माझा पगार आता पंचवीस आहे. गावात मला सुखवस्तू समजतात, वर्गणी मागायला येतात, मी देतो. गुरुजी अजून यादी करतात आणि अजून तेच विचारतात. एकदा मी त्यांना म्हणालो की गुरुजी, दुसरा एक प्रश्न वाढवा. त्यांनी विचारलं, कोणता? ‘आहे किती’, मी सांगितला. ते हसून म्हणाले, अहो, तसं विचारत बसलो तर गरीब कोण ते कळायचंच नाही.

चाचीला आता जवळचं दिसत नाही. कामावर जायच्या आधी मी तिच्या सात सुया ओवून उशीला टोचून ठेवतो. त्या तिला दिवसभर पुरतात. ज्वारीची पोती येतात, निवडलेली असतात. ती मात्र सहा वर्षांत कामरगावला गेलेली नाही. पराटी कशी आहे हे ती बाजारात आलेल्या परक्या माणसांना विचारते, आणि मी जवळ असलो की विचारत नाही.

मी थोडं थोडं बाजूला टाकतो आहे. आसेगावकडे एक बरड एकर आहे. पाणी नाही, दगड फार, म्हणून कोणी घेत नाही. ते झालं की मी माझाच जामीन होईन, आणि शेटजींच्या पेटीतला कागद सुटेल. किती वर्षं लागतील, सांगता येत नाही. मध्येच ताप आला, हात मोडला, जिन बंद पडलं तर काय, हे मी रोज मोजतो आणि रोज घाबरतो. पण ते होईल. चाची, तुला वाचता येत नाही म्हणून हे इथं लिहून ठेवतो. तो कागद मी तुझ्या हातात आणून देईन, त्याच नळीत घालून. आणि मग बंडी करून तुला कामरगावला नेईन, तुझे भाऊ बघत असताना, आणि तुझ्याच धुऱ्यावर तुला बसवीन.